ऑक्सफर्डचे दोन आठवडे : पैसे नेमके कशाचे?

इंग्लंडचा उन्हाळा जुलै-ऑगस्टचा आणि त्याच दिवसांत आपल्या बेटावर शाळांना हिवाळ्याची सुट्टी. हा मेळ जमत असल्यामुळे दरवर्षी जानेवारीपासूनच रंगीत पत्रके आपल्या घरांत येऊ लागतात. आता ती टपालापेक्षा मुलांच्या फोनवरच अधिक येतात, एवढाच फरक. चित्र मात्र बहुधा एकच असते. जुना दगडी मनोरा, त्याच्यापुढे कापलेले हिरवेगार गवत आणि गवतावर हसत बसलेली नाना देशांची मुले. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते : ऑक्सफर्ड येथे इंग्रजीचा निवासी उन्हाळी वर्ग, वय तेरा ते सतरा, मुदत दोन आठवडे.

मग आई-वडील आम्हा शिक्षकांना गाठून विचारतात, “मिस, पाठवू का?”

प्रश्न दोन शब्दांचा असला तरी त्याच्यामागे मोठी रक्कम उभी असते. अशा वर्गांपैकी बरेचसे आठवड्याला हजार पौंडांहून अधिक घेतात. २०२५ साली एका पौंडाला आपले साठच्या आसपास रुपये पडत होते. म्हणजे दोन आठवड्यांचे किमान सव्वा लाख धरावे, आणि त्यावर विमानाचे तिकीट, खर्चाला पैसे, गरम कपडे. आपल्यापैकी कितीतरी घरांत हा नवरा-बायको दोघांचा वर्षअखेरचा बोनस असतो, किंवा निवृत्त झालेल्या आजोबांच्या हाती एकदाच आलेल्या पैशातला मोठा वाटा. तेव्हा हे पैसे कशाचे द्यावयाचे आहेत, हे नीट समजून घेणे भाग आहे.

प्रथम त्या मनोऱ्याविषयी. ऑक्सफर्डला १०९६ साली काही ना काही अध्यापन चालू होते. इंग्रजी बोलणाऱ्या जगात त्याहून जुने विद्यापीठ नाही. केंब्रिजची सुरुवात १२०९ ची. ह्या दोन्ही ठिकाणी विद्यापीठ वेगळे आणि कॉलेजे वेगळी, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते. ऑक्सफर्डला तीसहून अधिक कॉलेजे आहेत, केंब्रिजला एकतीस. बहुतेकांची इमारत, खोल्या, भोजनगृह, प्रार्थनामंदिर आणि जमाखर्च स्वतंत्र. पदवी द्यावयाची ती विद्यापीठाने, मुलाला राहावयास जागा द्यावयाची ती कॉलेजने.

आता तेथील वर्ष पाहा. शिकवण्याची सत्रे तीन आणि प्रत्येक सत्र सुमारे आठ आठवड्यांचे. म्हणजे बावन्नांपैकी चोवीस आठवडे वर्ग आणि बाकी सुट्टी. बहुतेक विद्यार्थी सुट्टीत खोली रिकामी करून घरी जातात. एवढ्या खोल्या, एवढे मोठे स्वयंपाकघर, एवढे नोकर घेऊन कॉलेजने उन्हाळाभर काय करावे? जुने छप्पर दुरुस्त करावयास पैसा लागतो. म्हणून कॉलेजे सुट्टीत खोल्या भाड्याने देतात, कधी डॉक्टरांच्या परिषदेला, कधी लग्नाच्या वऱ्हाडाला, तर कधी भाषा शिकविणाऱ्या खाजगी कंपनीला. ह्यात लबाडी काही नाही. उन्हाळ्यात दरवाजे उघडण्याची रीतही जुनीच आहे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये ऑक्सफर्डने बाहेरच्या प्रौढ लोकांसाठी पहिले उन्हाळी संमेलन भरविले होते. ज्यांना विद्यापीठाचे तोंड एरवी दिसले नसते अशांना त्या वेळी व्याख्याने ऐकावयास मिळाली.

पण आपल्या हातातील पत्रक त्या संमेलनाचे नव्हे. तरुण मुलांसाठी चालणाऱ्या वर्गांपैकी बहुतेक खाजगी संस्थांचे असतात. शिक्षक त्यांनी नेमलेले, अभ्यासक्रम त्यांचा, शेवटच्या दिवशी मिळणारे प्रमाणपत्रही त्यांचेच. काही कॉलेजे स्वतःचेही उन्हाळी कार्यक्रम करतात, परंतु ते ओळखू येतात, कारण कॉलेज ते आपल्या नावाने जाहीर करते. म्हणून पत्रकातील शब्द तांदूळ निवडावेत तसे निवडावे लागतात. ‘ऑक्सफर्ड शहरात’ हे एक, ‘ऑक्सफर्डच्या एका कॉलेजात’ हे दुसरे आणि ‘ऑक्सफर्ड विद्यापीठातर्फे’ हे तिसरे. पहिल्या प्रकारात मूल एखाद्या साध्या भाषाशाळेत शिकेल किंवा ऑक्सफर्ड ब्रूक्स ह्या विद्यापीठाच्या वसतिगृहात राहील. ब्रूक्स १९९२ पर्यंत पॉलिटेक्निक होते आणि जुन्या विद्यापीठाहून सर्वस्वी वेगळे आहे. कधी कधी तर जागा शहराबाहेरची एखादी निवासी शाळा असते आणि मनोऱ्याचे दर्शन शनिवारच्या सहलीत एकदा होते. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला हे विमानतळावरून मुलाला नेणारी बस शहराला वळसा घालून निघून गेली तेव्हा कळले. त्या शाळेत मुलाचे काही वाईट झाले नाही, मैदानेही चांगली होती, पण पैसे मनोऱ्याचे मोजलेले होते.

अनेक पालकांच्या मनात आणखी एक आशा असते. ती ते बोलून दाखवीत नाहीत, पण असते. आज उन्हाळी वर्गाला गेला तर उद्या त्याच कॉलेजात प्रवेश सोपा होईल. असे होत नाही. खाजगी उन्हाळी वर्गाचा प्रवेशासाठी काही लाभ नाही. प्रवेश ठरतो तो परीक्षेतील गुणांवर, त्यांच्या चाचण्यांवर आणि मुलाखतीवर. विद्यापीठाचा स्वतःचा ‘युनिक’ नावाचा विनामूल्य निवासी कार्यक्रम आहे, पण तो ब्रिटनमधील सरकारी शाळांच्या मुलांसाठी आहे. आपल्या मुलांना तो खुला नाही.

इंग्लंडच्या ह्या जुन्या विद्यापीठांचे आकर्षण आपल्या लोकांना वाटावे हे मात्र स्वाभाविक आहे. आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज ज्या कोकणातून जहाजात बसले, त्याच कोकणात, दापोलीजवळच्या मुर्डी गावी १८७६ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे जन्मले. ते केंब्रिजला सेंट जॉन्स कॉलेजात गेले आणि १८९९ साली गणिताच्या परीक्षेत दोघांत विभागून पहिले आले. ‘सीनियर रँग्लर’ हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. रँग्लर परांजपे हे नाव महाराष्ट्रात अजून घेतले जाते. आणि आपल्या बेटावर तर केंब्रिज प्रत्येक घरात आहे. एस.सी. आणि एच.एस.सी.चे कागद तिकडून येतात व तिकडेच तपासले जातात. आमच्या लहानपणी केंब्रिज हे एखादे गाव असेल, तेथे नदी असेल, माणसे भाजी विकत घेत असतील, असे आम्हा मुलांना वाटतच नसे. केंब्रिज म्हणजे निकाल. त्याच केंब्रिजने परदेशी लोकांसाठी इंग्रजी प्रावीण्याची पहिली परीक्षा १९१३ साली घेतली, तेव्हा तिला तीन उमेदवार बसले. परीक्षा बारा तासांची होती आणि तिघेही नापास झाले. आपल्या मुलांना हे अवश्य सांगावे, त्यांना धीर येतो.

आता वर्गात प्रत्यक्ष काय चालते ते पाहू. मुले बहुधा रविवारी पोहोचतात. सोमवारी सकाळी एक चाचणी होते, काही संस्था ती आधीच संगणकावर घेतात. तिच्यावरून मुलाची पायरी ठरते. युरोपात २००१ पासून भाषेच्या सहा पायऱ्या मानल्या जातात, अगदी नवशिक्या ए-१ पासून तरबेज सी-२ पर्यंत. वर्गात बारा ते पंधरा मुले असतात. आठवड्याला साधारण पंधरा तास शिकविणे, म्हणजे रोज सकाळी तीन तास. दुपारी खेळ, नदीवर होडी, जुन्या वास्तू. रात्री नाटक, गाणी, नाच. शनिवारी लंडन किंवा शेक्सपिअरचे गाव स्ट्रॅटफर्ड. दोन आठवड्यांत शिकविण्याचे तास होतात तीस. आपल्या शाळेत तेवढे इंग्रजीचे तास काही आठवड्यांतच भरतात, आणि त्यांचे वेगळे पैसे कोणी मागत नाही.

तीस तासांच्या हिशेबाने ह्या वर्गाकडे पाहिले तर तो महागच आहे. त्याचा खरा माल वर्गाबाहेरच्या वेळात आहे. जेवणाच्या लांब टेबलावर शेजारी जपानी मुलगा आणि समोर ब्राझीलची मुलगी, दोघांशी बोलावयाचे तर इंग्रजीखेरीज मार्ग नाही. ही सक्ती पैशाने मिळते, आणि तिची किंमत आहे.

येथेच आपल्या मुलांचा प्रश्न वेगळा होतो, आणि पत्रक लिहिणाऱ्याला तो ठाऊक नसतो. हे वर्ग आखलेले असतात इटली, स्पेन, चीन, ब्राझील अशा देशांतील मुलांसाठी. त्यांच्याकडे इंग्रजी हा शाळेतला एक परका विषय. आपले मूल पहिलीपासून इंग्रजी पाठ्यपुस्तकातून गणित, भूगोल, विज्ञान शिकलेले असते. ते निबंध लिहिते, उतारा वाचून उत्तरे देते, व्याकरणात सहसा अडत नाही. बोलावयाचे म्हटले की मात्र जीभ जड होते. घरात क्रिओल, वर्तमानपत्र आणि दूरदर्शनवर फ्रेंच, पूजेला मराठी, आजीशी थोडी मराठी. इंग्रजी फक्त वहीत. वर्गातसुद्धा मी इंग्रजीत प्रश्न विचारते आणि उत्तर कुजबुजत क्रिओलमध्ये येते.

म्हणून सोमवारची ती लेखी चाचणी आपल्या मुलाविषयी अर्धेच सांगते. ती सोडविली तर मूल वरच्या वर्गात जाऊन गप्प बसते. तोंडी चाचणीत ते अडखळले तर खालच्या वर्गात जाते, आणि तेथे सातवीत केलेले भूतकाळ-भविष्यकाळ पुन्हा करीत बसते. दोन्हींत पैसे वाया जातात. माझ्या एका विद्यार्थिनीला असेच मधल्या वर्गात टाकले होते. दोन दिवस तिने पाहिले, तिसऱ्या दिवशी धीर करून शिक्षिकेला सांगितले की हे सर्व मला येते, मला वादविवाद करणाऱ्या वर्गात बसवा. त्यांनी लगेच बदलले. चांगल्या संस्था बदलतात, फक्त मुलाने मागावे लागते. आपली मुले मागत नाहीत, मोठ्यांपुढे बोलू नये हे आपणच त्यांना शिकविलेले असते. जाण्यापूर्वी तेवढी एक परवानगी त्यांना घरातून द्यावी.

बोलण्यातल्या आपल्या चुकाही आपल्याच आहेत. क्रिओलमध्ये ‘मो एना केंझ आँ’, म्हणून मूल इंग्रजीत ‘आय हॅव फिफ्टीन इयर्स’ म्हणून जाते. फ्रेंच ‘लिब्रेरी’ म्हणजे पुस्तकांचे दुकान, इंग्रजी ‘लायब्ररी’ म्हणजे वाचनालय. फ्रेंच ‘आक्त्युएलमाँ’ म्हणजे सध्या, इंग्रजी ‘ॲक्च्युअली’ म्हणजे वास्तविक. फ्रेंचमध्ये सभेला हजर राहणे ‘असिस्ते’, इंग्रजीत ‘असिस्ट’ म्हणजे मदत करणे. आणि सर्वांत अवघड म्हणजे शब्दातला जोर. ‘फोटोग्राफ’ म्हणताना जोर पहिल्या अक्षरावर, ‘फोटोग्राफर’ म्हणताना तो दुसऱ्यावर सरकतो. फ्रेंच आणि क्रिओलमध्ये जोर शेवटाकडे असतो, त्यामुळे आपले मूल बरोबर शब्द वापरूनही इंग्रज माणसाला कळत नाही. हा दोष कानाने सुधारतो, आणि त्यासाठी चांगला शिक्षक व सतत ऐकणे ह्यांचा दोन आठवड्यांतही उपयोग होतो. अर्ज भरताना एक ओळ लिहून द्यावी की आमच्या मुलाला व्याकरण नको, उच्चार आणि संभाषण हवे. त्या ओळीला उत्तर काय येते ह्यावरून संस्थेची परीक्षा होते.

दुसरा धोका गोड आहे, म्हणून जास्त वाईट. आपल्या मुलाला फ्रेंच येते. जुलैमध्ये ह्या वर्गांत फ्रान्सहून मुलांचे मोठमोठे गट आपल्या शिक्षकासह येतात. नव्या जागी पहिल्या संध्याकाळी ओळखीची भाषा कानांवर पडली की मूल तिकडे धावणारच. आमच्या शाळेतला एक मुलगा दोन आठवडे राहून आला, फार आनंदात होता, पॅरिसचे तीन मित्र मिळाले होते. इंग्रजी होते तसेच राहिले, फ्रेंच मात्र सुधारले! तेव्हा संस्थेला स्पष्ट विचारावे की गेल्या वर्षी कोणत्या देशाची किती मुले होती, एका भाषेच्या मुलांवर काही मर्यादा आहे काय, आणि खोलीत जोडीदार कोण असेल. फ्रेंच न येणारा जोडीदार मागून घ्यावा. मधल्या वर्गातून वर गेलेल्या त्या विद्यार्थिनीची खोली जपानी मुलीबरोबर होती. रात्री दिवा मालवल्यावर दोघी मोडक्यातोडक्या इंग्रजीत तासभर बोलत. सकाळच्या तीन तासांपेक्षा तो एक तास मोलाचा होता, असे ती अजून सांगते.

संस्थेची पारख करावयाची एक सोपी रीत आहे. ब्रिटनमध्ये इंग्रजी शिकविणाऱ्या संस्थांची तपासणी ब्रिटिश कौन्सिल करते आणि मान्यता देते. तपासणीत शिकविणे पाहतात, तसेच अठरा वर्षांखालील मुलांची काळजी कशी घेतली जाते हेही पाहतात. त्या अहवालांचे निष्कर्ष कोणालाही वाचता येतात. पत्रक दहा वेळा वाचण्यापेक्षा तो कागद एकदा वाचावा. मान्यता आणखी एका कारणासाठी हवी. मॉरिशसच्या पासपोर्टवर सहा महिन्यांपर्यंतच्या भेटीसाठी व्हिसा लागत नाही, परंतु पाहुणा म्हणून जाऊन शिकावयाचे तर ते मान्यताप्राप्त संस्थेतच शिकता येते. शिवाय जानेवारी २०२५ पासून प्रवासापूर्वी ईटीए नावाची परवानगी घ्यावी लागते. ती लहान मुलांनाही लागते. अठरा वर्षांखालचे मूल एकटे जात असेल तर आई-वडिलांचे संमतिपत्र बरोबर द्यावे, आणि विमानतळावर कोण घेणार, मूल कोठे राहणार, हे त्यात लिहावे.

बाकीच्या गोष्टी घरगुती. जुन्या कॉलेजातल्या खोल्या लांब गल्लीत नसतात, एका जिन्याभोवती असतात, आणि न्हाणीघर कधी कधी दुसऱ्या मजल्यावर सापडते. रात्री जिन्यावर मोठे माणूस कोण असते, हे मुलींच्या आई-वडिलांनी विचारावे, त्यात लाजण्यासारखे काही नाही. शाकाहारी जेवण मिळते, आधी लिहून कळवावे लागते. ऑगस्टमध्ये बहुधा श्रावण येतो. ज्या घरांत तो पाळतात त्यांनी मुलाशी आधीच बोलून ठेवावे, नाहीतर मूल तेथे दोन आठवडे बटाटे खाईल आणि कोणाला सांगणार नाही. इंग्लंडचा उन्हाळा म्हणजे क्युरेपिपचा पाऊस समजा आणि एक स्वेटर जास्त द्या.

आता कोणी पाठवावे? माझे मत विचाराल तर ग्रेड ११ आणि ग्रेड १३ च्या मुलांना मुळीच नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परीक्षा, आणि ऑगस्टमध्ये मूल लंडनच्या सहलीत, हे जमत नाही. ग्रेड १० किंवा १२ चे वर्ष बरे. शाळेच्या सुट्टीच्या तारखा पाहून मगच पैसे भरावेत, कारण वर्ग आपल्या सुट्टीसाठी थांबत नाहीत. मूल आले नाही तर किती पैसे परत मिळतात हेही त्याच पत्रात विचारावे.

आणि ज्या मुलाला पदवीसाठी खरोखरच तिकडे जावयाचे आहे, त्याच्यासाठी हे सव्वा लाख राखून ठेवणे मला अधिक पटते. अर्ज, चाचणी, मुलाखत, ह्या सर्वाला पुढे पैसा लागतोच. बोलण्याच्या सरावाला तोपर्यंत घरात पैसे पडत नाहीत. रोज संध्याकाळी अर्धा तास, भाऊ-बहिणींनी फक्त इंग्रजीत भांडावयाचे. आमच्या एका सहशिक्षकांच्या घरी हा नियम आहे. पहिले चार दिवस घर शांत होते, पाचव्या दिवशी भांडण सुरू झाले, आणि आता अर्धा तास पुरत नाही.

जे पाठविणार आहेत त्यांना शेवटची एक सूचना. त्या दिवसांत आपण इंग्लंडच्या तीन तास पुढे असतो. ऑक्सफर्डला क्राइस्ट चर्च कॉलेजची मोठी घंटा दररोज रात्री नऊ वाजून पाच मिनिटांनी एकशे एक ठोके देते, तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली असते. मुलाला तिकडच्या सहाला, जेवणाआधी, फोन करावयास सांगावे. आपले नऊ वाजलेले असतील, आजीही जागी असेल. आणि तिच्याशी मात्र त्याने मराठीत बोलावे.